पाचशे कोट्यधीश आणि सहाशे साठ माणसे



सप्टेंबर २०२१ मधली वर्तमानपत्रे आठवून पाहा. चेन्नईत जन्मलेल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचे पाचशेहून अधिक कर्मचारी कोट्यधीश झाले, आणि त्यांतले सत्तरेक तर तिशीच्या आतले, ही बातमी तेव्हा घराघरांत पोहोचली होती. रेल्वे कॉलनीत आणि पोस्टाच्या क्वार्टर्समध्ये कितीतरी बापांनी तो पेपर बारावीतल्या पोराच्या पुढ्यात टाकला असेल आणि "बघ, नाहीतर माझ्यासारखा रात्रपाळ्या करत बसशील" असे सुनावले असेल. त्या कंपनीचे नाव फ्रेशवर्क्स. तीन वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, याच कंपनीने आणखी एक बातमी दिली. ती वाचल्याचे किती जणांना आठवते?

ही कंपनी करते काय, ते आधी सांगितले पाहिजे, कारण त्यात गूढ काही नाही. स्टेशन मास्तरांकडे असते तशी तक्रारवही ती संगणकावर करून देते. लहान-मध्यम धंदेवाल्याने ती भाड्याने घ्यायची. गिऱ्हाइकाची तक्रार आली की तिला एक क्रमांक पडतो, कोणी काय उत्तर दिले, किती वेळात दिले, याची नोंद राहते. त्या क्रमांकाला ही मंडळी 'तिकीट' म्हणतात. आमच्या बुकिंग क्लार्क बंधूंना याचे हसू येईल, पण धंदा खोटा नाही, उपयोगाचाच आहे. भाडे आकारण्याची रीत मात्र ध्यानात ठेवा. धंदेवाल्याकडे तक्रारींना उत्तरे देणारी जितकी माणसे बसतात, तितक्या डोक्यांमागे दरमहा भाडे. म्हणजे या कंपनीची कमाईच मुळी काम करणाऱ्या माणसांच्या डोईवर मोजली जाते!

संस्थापक गिरीश मातृभूतम यांनी कंपनीच्या जन्माची कथा अनेकदा सांगितली आहे. अमेरिकेतून परत येताना त्यांचा टी.व्ही. वाटेत फुटला. नुकसानभरपाईसाठी महिनोन्‌महिने खेटे घालून काही मिळेना, तेव्हा त्यांनी चारचौघांत लिहून बोभाटा केला आणि पैसे हातात पडले. त्यातून २०१० साली गिऱ्हाइकांच्या तक्रारी हाताळणारी कंपनी निघाली. कथा छान आहे. सामान्य माणसाने गप्प न बसता तोंड उघडले की व्यवस्था हलते, हे तिचे सार. आपल्या चळवळीला ते नवे नाही! त्याच कंपनीत माणसे काढण्याची वेळ आली, तेव्हा काढलेल्यांसाठी तोंड उघडायला आत कोणी होते का, हे पुढे पाहू.

२२ सप्टेंबर २०२१ रोजी फ्रेशवर्क्सचे शेअर अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात उतरले. भाव ३६ डॉलर. एका दमात शंभर कोटी डॉलरांहून अधिक रक्कम उभी राहिली आणि कंपनीची किंमत हजार कोटी डॉलरांच्या वर गेली. पाचशे कोट्यधीशांचा आकडा संस्थापकांनी स्वतः पत्रकारांना सांगितला. कंपनीत तेव्हा चार हजारांहून अधिक माणसे होती, म्हणजे आठातला एक कोट्यधीश. उरलेल्या सातांविषयी कोणी विचारले नाही. शिवाय हे 'कोटी' बँकेच्या पासबुकात पडलेले नव्हते, ते शेअरच्या त्या दिवशीच्या भावाने केलेले गुणाकार होते. वर्षभरात भाव निम्म्याच्याही खाली आला. त्या पाचशेंपैकी कितीजण कोट्यधीश उरले, याची बातमी मात्र कुठल्याही व्यवस्थापनाने बोलावून दिली नाही.

आमचा राग त्या मुलांवर नाही. दिवसरात्र राबून कोणाला चार पैसे मिळाले तर आम्हांला आनंदच आहे. पण कंपन्यांच्या प्रसिद्धीत कामगार केव्हा दिसतो, हे पाहा. शेअर विकायचे असतात तेव्हा त्याचा फोटो येतो, वय येते, गाव येते. एरवी तो नसतो.

आणि काढायचे असते तेव्हा तो टक्केवारी होऊन येतो. नोव्हेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात फ्रेशवर्क्सने तिमाही हिशेब जाहीर केला. तोट्यात बुडालेल्या गिरणीचा हा हिशेब नव्हता. सप्टेंबरअखेरच्या तीन महिन्यांत कंपनीची मिळकत १८ कोटी ६६ लाख डॉलर होती, आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा २२ टक्क्यांनी जास्त. त्याच दमात दोन निर्णय सांगितले गेले. एक, अमेरिका, भारत आणि इतर देशांत मिळून १३ टक्के, म्हणजे सुमारे ६६० माणसे कमी करणार. दोन, कंपनी ४० कोटी डॉलरपर्यंत रक्कम खर्चून बाजारातून स्वतःचेच शेअर परत विकत घेणार. माणसे कमी करण्याला नाव दिले होते कामाची फेरमांडणी आणि अग्रक्रमांशी सांगड. आपल्याकडे 'सरप्लस' म्हणतात, 'रिडिप्लॉयमेंट' म्हणतात. शब्दांचे गोंडसपण तेवढे वाढले आहे.

शेअर परत घेणे म्हणजे काय? कंपनीच्या तिजोरीतले पैसे शेअरवाल्यांच्या हाती जातात, बाजारात शेअर कमी उरतात, आणि उरलेल्यांचा भाव टिकतो वा चढतो. त्यातून एक नवा खांब उभा राहत नाही, की एका माणसाला काम मिळत नाही.

आता पेन्सिल घ्या. ४० कोटी डॉलरला ६६० ने भागा. एका माणसामागे सहा लाख डॉलरांहून जास्त येतात. तेव्हाच्या ८४ रुपयांच्या दराने हे पाच कोटी रुपये झाले. ज्या रकमेने काढलेल्या प्रत्येक माणसाला पाच-पाच वेळा कोट्यधीश करता आले असते, ती रक्कम भाव सावरायला बाजूला काढली. आणि ६६० जणांना घरी पाठवण्याचा खर्च, नोटिशीचा पगार वगैरे धरून, कंपनीने अंदाजला होता १ कोटी १० लाख ते १ कोटी ३० लाख डॉलर. म्हणजे शेअरवाल्यासाठी तीस रुपये, तर काढलेल्या कामगारासाठी एक रुपया. दोन्ही आकडे कंपनीनेच जाहीर केलेले आहेत. एकाखाली एक मांडण्याचे काम तेवढे आम्ही केले. बातमीनंतर शेअरचा भाव मात्र जोरात उसळला.

कोणी म्हणेल, खाजगी कंपनीचा हा घरगुती मामला, टपालवाल्याला आणि रेल्वेवाल्याला त्याचे काय? असे म्हणणारे आपल्यातही आहेत, म्हणून दोन शब्द. पहिली गोष्ट, आपल्या वस्त्यांमधली मुले तिथेच आहेत. बाप गँगमन किंवा मेलगार्ड, आणि लेक हिंजवडीला किंवा चेन्नईला, हे आता घरोघरचे चित्र आहे. त्या लेकीला कोणते संरक्षण होते? माणसे काढण्याआधी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कारखाने, खाणी आणि मळे यांनाच होते, तेही शंभरावर माणसे असतील तर. सॉफ्टवेअरचे ऑफिस त्यात बसतच नव्हते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता अमलात आली. तिने शंभराची मर्यादा तीनशेवर नेली आणि सॉफ्टवेअरच्या ऑफिसांना बाहेरच ठेवले. म्हणजे लेकीला दार उघडले नाही, उलट कारखान्यातल्या काकाच्या दाराचीही फट अरुंद केली.

दुसरी गोष्ट अशी की हीच कंपन्यांची जमात आपल्या खात्यातही येऊन गेली आहे. टपाल खात्याच्या आधुनिकीकरणाचे अकराशे कोटींचे कंत्राट २०१३ साली टी.सी.एस.ला मिळाले. त्या टी.सी.एस.ने जुलै २०२५ मध्ये जाहीर केले की आपण सुमारे बारा हजार माणसे, म्हणजे दोन टक्के, कमी करणार. ज्यांना कार्यक्षमतेचे धडे द्यायला आपल्याकडे बोलावले, त्यांच्या धड्याचे शेवटचे पान हे असे आहे.

फ्रेशवर्क्सच्या कपातीवर सर्वांत कडक शब्दांत कोण बोलले असेल? दुसऱ्या सॉफ्टवेअर कंपनीचे मालक! झोहोचे श्रीधर वेंबू यांनी नाव न घेता जाहीरपणे लिहिले की गाठीशी एवढी रोकड असलेली, वाढणारी कंपनी माणसे काढते आणि शेअर परत घेते, हा निव्वळ लोभ आहे, आणि अशा कंपनीने कर्मचाऱ्यांकडून निष्ठेची अपेक्षा धरू नये. मातृभूतम हे पूर्वी झोहोतच नोकरीला होते, त्यामुळे यात जुन्या घरची किनारही असेल. तरी बोलणे खरे होते, ते आम्ही मान्य करतो. झोहो बाजारात शेअर विकत नाही, तेनकाशीसारख्या आडभागात कामे देते, याचेही श्रेय तिला द्यायला हवे.

पण मालकाच्या चांगुलपणावर हवाला ठेवून कामगाराचे पोट भरत नाही. आणि झोहोच्या प्रसिद्धीचा प्रकारही पाहण्यासारखा आहे. २२ सप्टेंबर २०२५ रोजी रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी, ज्यांच्याकडे माहिती-तंत्रज्ञान खातेही होते, जाहीर केले की आपण पत्रे, तक्ते, सादरीकरणे या कामांसाठी झोहोकडे वळत आहोत. ८ ऑक्टोबरला गृहमंत्र्यांनी आपला टपालपत्ताही तिकडे हलवल्याचे सांगितले. कुठल्याही कंपनीला कोट्यवधी मोजून मिळणार नाही अशी जाहिरात केंद्रीय मंत्र्यांनी फुकट केली. स्वदेशीला आमचा विरोध असण्याचे कारणच नाही. परदेशी कंपनीच्या दाराशी सरकारी कागद गहाण पडू नयेत, हे आम्हीही म्हणतो. पण मंत्रिमहोदय, तुमच्या स्वतःच्या घरात क्रिस ही संस्था १९८६ पासून आहे. अनारक्षित तिकिटाचा काउंटर, मालगाड्यांची माहिती, आरक्षण, सारे ती चालवते. पत्रे लिहिण्याचे सॉफ्टवेअर क्रिस करत नाही, एवढे आम्हांला कळते. प्रश्न कौतुकाच्या दोन शब्दांचा आहे. खाजगी कंपनीसाठी मंत्र्यांना ते उत्स्फूर्तपणे सुचतात, मग घरच्यांसाठी निवृत्तीच्या निरोप समारंभापर्यंत वाट का पाहावी लागते?

टपालवाल्या बंधूंना तर हे अधिक जाणवेल. ४ ऑगस्ट २०२५ पर्यंत देशातल्या १ लाख ६५ हजार टपाल कार्यालयांत नवी संगणक प्रणाली बसली. ती कुठल्या कंपनीने विकलेली नाही. म्हैसूरच्या टपाल तंत्रज्ञान केंद्राने, म्हणजे खात्याच्याच माणसांनी, ती बनवली. चार लाख साठ हजार कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले गेले. एका दिवसात ३२ लाख बुकिंग आणि ३७ लाख वाटप तिने पेलले. फ्रेशवर्क्सच्या कोणत्याही तिमाहीपेक्षा ही बातमी मोठी आहे, असे आम्ही छातीठोकपणे म्हणतो. सरकारने पत्रक काढले, आकडे दिले. त्या पत्रकातही माणूस प्रशिक्षितांच्या बेरजेपुरताच आला. जुनी प्रणाली नवीवर नेताना कार्यालयांचे व्यवहार बंद ठेवावे लागले, दुसऱ्या दिवशी रांगेतली माणसे काउंटरवरच्या बाईंवर ओरडली, शाखा डाकपाल हातातले यंत्र उंच धरून रेंज शोधत हिंडले, हे त्यात कोण लिहिणार? आणि या प्रणालीमुळे किती जागा वाचतील, कुठल्या वाचतील, त्या जागांवरच्या माणसांचे काय होईल, याची तर ओळही नाही.

ऐंशीच्या दशकात कामगार चळवळीने संगणकाला विरोध केला म्हणून आजही आमची थट्टा होते. त्या विरोधात काही चुकले होते, हे कबूल करायला आम्हांला लाज नाही. आरक्षणाच्या संगणकाने प्रवाशाचे हाल कमी झाले, आणि वह्या चाळून चाळून बोटे झिजवणाऱ्या आमच्या क्लार्कचेही झाले. पण तेव्हा विचारलेला प्रश्न चुकीचा नव्हता. यंत्राने वाचवलेला वेळ आणि पैसा कोणाच्या खात्यावर जमा होणार? ४० कोटी डॉलर आणि १ कोटी ३० लाख डॉलर, हे त्याचे एका कंपनीने लेखी दिलेले उत्तर आहे.

म्हणून शाखांना एक विनंती. यापुढे विभागात नवी प्रणाली आली आणि तिचे रंगीत पत्रक सूचनाफलकावर लागले, की रेल्वेतल्या बंधूंनी पी.एन.एम.च्या आणि टपालातल्या बंधूंनी आपल्या मासिक बैठकीच्या विषयपत्रिकेवर तीन आकडे लेखी मागावेत. प्रणालीचा एकूण खर्च आणि तो कोणाला दिला. तिच्यामुळे कमी होणाऱ्या मंजूर पदांची संख्या, संवर्गवार. आणि पद गेलेल्या कर्मचाऱ्याच्या बदली-प्रशिक्षणासाठी ठेवलेली रक्कम. उत्तर आले तर त्याची प्रत या विभागाकडे पाठवा, पत्रकाशेजारी छापू. उत्तर आले नाही तर मागणीपत्राची तारीख पाठवा, तीही छापू.