ड्राईव्ह दिसत नाही? ‘फॉरमॅट मारा’ म्हणायच्या आधी हे वाचा



१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. जुन्या मशीनवर विंडोज ११ बसत नाही आणि नवीन मशीनचं बजेट नाही, म्हणून लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकायचा विचार तुमच्यापैकी काही जण करताय. काहींनी आधीच टाकलंय आणि आता पुढच्या व्हर्जनवर जाताय. चांगलं आहे, जरूर करा. पण अपग्रेडनंतर एक प्रश्न हमखास येतो: “सर, माझा डी ड्राईव्ह गेला! सगळी बिलं, कोटेशन, फोटो त्यात होते.”

माझं मत स्पष्ट सांगतो. स्वतः पाच मिनिटं बघितल्याशिवाय मालकाने कोणालाही डिस्क फॉरमॅट करायची परवानगी देऊ नये. टेक्निशियन कितीही हुशार असला तरी नाही.

आधी समजून घ्या की होतं काय. लिनक्समध्ये सी, डी, ई अशी अक्षरं नसतातच. तिथे डिस्क जोडलेली असणं आणि ती वापरायला उघडलेली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उघडण्याला ‘माउंट’ म्हणतात. गोदामाचं शटर खाली असेल तर माल चोरीला गेला असं आपण म्हणत नाही ना? तसंच आहे हे. कोणती शटर सकाळी आपोआप उघडायची, याची यादी ‘एफएसटॅब’ नावाच्या फाईलमध्ये असते. लिनक्स नव्याने टाकलं की ही फाईलही नव्याने बनते, आणि तुमच्या जुन्या डेटा डिस्कची ओळ त्यात नसते. डिस्क जागेवर असते, फक्त उघडलेली नसते.

आता तपासायचं कसं? टर्मिनल उघडा. एल-एस-बी-एल-के ही पाच अक्षरं इंग्रजीत, लहान लिपीत, सलग टाईप करा आणि एंटर दाबा. ही कमांड फक्त यादी दाखवते, काही बदलत नाही, त्यामुळे घाबरू नका. टर्मिनल नको असेल तर मेनूमध्ये ‘डिस्क्स’ नावाचं अ‍ॅप शोधा. यादीत साईज बघा. १ टीबीची डिस्क टर्मिनलच्या यादीत ९३१ जीबीच्या आसपास दिसते. ती मोजायची पद्धत वेगळी आहे, डेटा कमी झालेला नाही.

इथून दोन रस्ते निघतात.

पहिला, डिस्क यादीत आहे पण शेवटचा रकाना रिकामा आहे. म्हणजे शटर खाली आहे. डिस्क्स अ‍ॅपमध्ये तो भाग निवडून त्रिकोणी बटण दाबलं की बहुतेक वेळा उघडतो. विंडोजची जुनी डिस्क असेल आणि उघडत नसेल तर कारण बहुधा ‘फास्ट स्टार्टअप’. त्यात विंडोज शट डाऊन केल्यावरही पूर्ण बंद होत नाही आणि डिस्क अर्धवट अवस्थेत सोडतं. मशीनवर विंडोज अजून असेल तर त्यात जाऊन ‘रीस्टार्ट’ करा आणि मग लिनक्समध्ये या. नसेल तर डिस्क दुसऱ्या विंडोज मशीनला जोडून तपासून घ्या. आणि बिटलॉकर लावलेलं असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागेल, ती शोधून ठेवा.

दुसरा, डिस्क यादीतच नाही. मग सॉफ्टवेअरशी झटापट करू नका, हार्डवेअर बघा. नवीन एसएसडी बसवताना केबल सैल झाली का? बऱ्याच मदरबोर्डवर एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी लावली की एखादा साटा पोर्ट बंद होतो. तसं असेल तर केबल दुसऱ्या पोर्टला लावली की काम होतं. बायोसमध्ये इंटेलचा रेड मोड चालू असेल तरी लिनक्सला काही वेळा डिस्क दिसत नाही. पण तो मोड स्वतः बदलू नका, हे काम जाणकाराकडूनच करून घ्या.

एक धोका कोणी सांगत नाही, तो मी सांगतो. डिस्क माउंट झालेली नसली तरी तिचं फोल्डर दिसू शकतं, रिकामं. काउंटरवरचा मुलगा त्यातच आजची बिलं सेव्ह करत राहतो. चार दिवसांनी डिस्क माउंट झाली की ती बिलं तिच्याखाली झाकली जातात आणि सगळ्यांना वाटतं, आता तीही गेली. म्हणून जुना डेटा डोळ्यांनी दिसेपर्यंत त्या फोल्डरमध्ये काही सेव्ह करायचं नाही, असं स्टाफला सांगून ठेवा.

तुम्ही म्हणाल, “आम्ही दुकान सांभाळू की हे शिकू? त्यासाठी टेक्निशियन आहे ना.” बरोबर आहे, दुरुस्ती त्यानेच करावी. पण कोणत्या डिस्कवर काय आहे हे त्याला माहीत नसतं, तुम्हाला माहीत असतं. “फॉरमॅट मारू का?” हा प्रश्न तो तुम्हालाच विचारतो आणि हो तुम्हीच म्हणता. जीएसटीच्या नियमाप्रमाणे हिशेबाच्या नोंदी वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात. “कॉम्प्युटरवाल्याने उडवलं” हे तिथे उत्तर होत नाही. ती जबाबदारी मालकाचीच असते.

म्हणून अपग्रेडच्या आधी एक कागद करा. प्रत्येक डिस्कची साईज, तिच्यावर काय आहे आणि तिचा ‘यूयूआयडी’ नंबर लिहा. तीच कमांड, तिच्यापुढे स्पेस, डॅश आणि एफ लावून दिली की हा नंबर दिसतो. एसडीए, एसडीबी ही नावं डिस्क वाढल्या की अदलाबदल होऊ शकतात, पण यूयूआयडी फॉरमॅट करेपर्यंत साधारण तोच राहतो. टेक्निशियनला सांगा, एफएसटॅबमध्ये यूयूआयडीच टाक आणि सोबत ‘नोफेल’ लिही, म्हणजे एखादी डिस्क नसली तरी मशीन चालू होईल.

आणि बॅकअप? तो वेगळ्या डिस्कवर घ्या, त्यातली दोन-चार बिलं उघडून बघा आणि अपग्रेड चालू असताना ती डिस्क मशीनपासून काढून ठेवा. जोडलेलीच नसेल तर चुकून फॉरमॅट व्हायचा प्रश्नच येत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ एवढाच: ती पाच अक्षरं टाईप करा आणि कागद भरा. अपग्रेड पुढच्या रविवारी केलं तरी चालेल.