मधुचंद्र : स्थळ की काळ?

आमच्या विभागात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका तरुण सहकाऱ्याचे लग्न डिसेंबरात ठरले. मधुचंद्रासाठी त्याच्यापाशी सात दिवस आणि वीस हजार रुपये होते. कुठे जावे, असे त्याने स्टाफरूममध्ये विचारले आणि दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे, कर्ज काढा पण मनालीला जा; आयुष्यात एकदाच असते. दुसऱ्याचे म्हणणे, हे पाश्चात्त्य खूळ हवेच कशाला? जेजुरीला जाऊन या, झाले. आम्हांला ही दोन्ही मते अमान्य आहेत.

'मधुचंद्र' हा 'हनीमून'चा शब्दशः अनुवाद. मूळ इंग्रजी शब्द विवाहानंतरच्या गोडव्याच्या दिवसांचा निर्देश करीत असे. प्रवासाचा अर्थ त्याला पुढे चिकटला. म्हणजे शब्दात काळ आहे, स्थळ नाही. बाजाराने स्थळ विकायला काढले आणि काळ विस्मृतीत गेला.

खूळ म्हणणाऱ्यांनी राजा ठाकूर यांचा 'मुंबईचा जावई' (१९७०) आठवावा. त्यावरूनच बासू चटर्जी यांनी १९७२ मध्ये हिंदीत 'पिया का घर' केला. चाळीतल्या भरल्या घरात नवदांपत्याला एकांत मिळत नाही, हीच त्याची कथा. दोन खोल्यांत पाच माणसे आजही राहतात. जेजुरीच्या दर्शनाला सारे कुटुंब बरोबर असते. ते योग्यच आहे, पण तो एकांत नव्हे. तेव्हा मधुचंद्र ही चैन मानणे आम्हांस निष्ठुरपणाचे वाटते.

आता मनालीवाल्यांचा हिशेब. मुंबईहून दिल्ली रेल्वेने सुमारे १४०० किलोमीटर. तेथून मनाली आणखी ५०० हून अधिक, आणि तेथवर रेल्वे नाही. सातांपैकी तीन-साडेतीन दिवस गाडीत आणि बसमध्ये जातात. विमानाने हे दिवस वाचतील, पण मग वीस हजारांत राहण्या-जेवण्याला काय उरणार? याउलट नेरळ लोकलच्या टप्प्यात आहे आणि माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे खाजगी मोटारींना मज्जाव आहे. कोकण रेल्वेने रात्री निघाले की सकाळी कुडाळ. तेथून मालवण-तारकर्लीला घरगुती निवास आणि माशांचे जेवण मिळते. नाताळचा आठवडा आणि शनिवार-रविवार टाळून सोमवार ते गुरुवार गेले, तर दरही उतरलेले असतात. त्याच पैशांत एकत्र दिवस अधिक मिळतात.

अल्प मिळकतीच्या माणसाने जवळच समाधान मानावे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. हिमालय पाहण्याची इच्छा कुणाचीही असू शकते. ती लग्नाच्या पाचव्या वर्षीही पुरी करता येते. पण ज्याचे मानधन महिनोन्‌महिने थकते, त्याच्या संसाराचा आरंभ हप्त्याने व्हावा, हे आम्हांला मान्य नाही.

आणि हा हप्ता तो कुणासाठी भरतो? बायकोसाठी क्वचितच. तो परतल्यावर "मग, कुठे गेला होतात?" असे विचारून त्याची पत जोखणारे आपणच असतो, नियमित वेतन घेणारे, साहित्यातून माणूस शिकवणारे. गावाचे नाव ऐकून आपली भुवई किंचित वर जाते, आणि ती त्याला दिसते. मधुचंद्र स्वस्त करायचा असेल, तर आधी आपण हा प्रश्न विचारणे थांबवले पाहिजे.