अर्धा कोयता, पूर्ण हिशेब

मांजरसुंब्याच्या चौकातून एक रस्ता बीडला, एक सोलापूरकडे, एक केजला आणि एक पाटोद्यावरून नगरकडे जातो. दिवाळीच्या आगेमागे इथून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. ट्रॉलीत भांडी, गोण्या, शेळ्या, लेकरं आणि जोडपी. मी याच भागातली. आमच्याकडे ‘घरातली किती माणसं तोडीला गेली?’ असं कुणी विचारत नाही. ‘किती कोयते गेले?’ असं विचारतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. माझं भांडण या एका शब्दाशी आहे.

जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटनांची तडजोड झाली. तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला. समजा, एका जोडप्याने दिवसात दोन टन ऊस तोडला. झाले ७३२ रुपये. यातले तिचे किती? मुकादमाकडे याचं उत्तर नाही, कारखान्याकडे नाही आणि तिच्याकडेही नाही. उचल सहसा नवऱ्याच्या हातात पडते. फेडायला मात्र दोघं लागतात.

२०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल क्लॉडिया गोल्डिन यांना मिळालं. अमेरिकेतल्या बायकांच्या कामाचा दोनशे वर्षांचा हिशेब त्यांनी नव्याने मांडला. जुन्या नोंदींत शेतात राबणाऱ्या बाईच्या व्यवसायापुढे नुसतं ‘पत्नी’ लिहिलेलं असायचं, त्यामुळे तिचं काम मोजलंच जायचं नाही. बाईला पुरुषापेक्षा किती कमी मजुरी मिळते हे संशोधक शोधतात, पण त्यासाठी आधी तिची मजुरी वेगळी दिसावी लागते. आमच्याकडे ती दिसतच नाही, म्हणून कागदावर तफावतही नाही!

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘पैसा शेवटी एकाच घरात जातो ना?’ मग नोकरदार जोडप्यांना विचारा. दोघांचा पगार नवऱ्याच्या खात्यावर टाकला तर चालेल का? दुसरं उत्तर: ‘बाईचं काम हलकं असतं.’ ती ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. त्याआधी पहाटे उठून कोपीवर पाणी आणि भाकरी तिनेच केलेली असते. हलकं म्हणणाऱ्याने एक मोळी उचलून बघावी.

तिसरं उत्तर असतं की, दोघांचं काम वेगळं करता येत नाही. हे तर साफ खोटं. एकटा माणूस तोडीला गेला की त्याला ‘अर्धा कोयता’ म्हणतात आणि उचलही त्याच हिशेबाने ठरते. एखाद्या दिवशी ती आजारी पडली तर खाडा धरून पैसे कापतात. म्हणजे तिची किंमत बाजाराला बरोबर माहीत आहे. ती नसली की मोजतात, असली की विसरतात.

या मोजणीचे परिणाम पुढे दिसतात. पूर्ण कोयता हवा म्हणून हंगामाआधी लग्नं उरकतात. मुली अठराच्या आत लग्न होऊन जाण्याचं प्रमाण बीड जिल्ह्यात चाळीस टक्क्यांहून जास्त असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने दाखवलं, त्यामागे हेही एक कारण आहे. पाळी म्हणजे खाडा आणि खाडा म्हणजे दंड, या धाकाचा संबंध गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांशी होता. २०१९ मध्ये त्यावर चौकशी समिती बसली. ८२ हजारांवर ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३ हजारांवर बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. बातम्या झाल्या, हळहळ झाली. मजुरीची पद्धत मात्र तीच राहिली.

बाईच्या नावाने पैसे देणं सरकारला जमत नाही असं नाही. रोजगार हमीच्या हजेरीपटावर तिचं नाव वेगळं असतं. २०२४ पासून लाडक्या बहिणीचे दीड हजार थेट तिच्या खात्यावर येतात. खातं आहे, आधार आहे, मोबाइल आहे. ओवाळणी तिच्या खात्यावर जमा होते, मग घामाचे पैसे का होत नाहीत?

मागणी साधी आहे. करारावर दोन नावं, उचल दोन खात्यांवर, टनाचा दर दोघांत निम्मा-निम्मा आणि पाळीच्या, आजारपणाच्या दिवसाला दंड नाही. एका माणसाचं कर्ज दुसऱ्याच्या अंगावर नाही. नेते पुढच्या वेळी दरवाढीला बसतील तेव्हा आकडा किती वाढला हे जरूर विचारा. पण त्याआधी विचारा, तो कुणाच्या नावावर जमा होणार?