एक गडी, दोन मैदानें

गेल्या पावसाळ्यांत आंबेगांव तालुक्यांतील एका विद्यार्थ्याचे वडील आम्हांस भेटावयास आले. मुलगा फुटबॉल चांगला खेळतो, क्रिकेटमध्येंही त्याचा हात बसला आहे. पण "एक ना धड भाराभर चिंध्या व्हावयाच्या, तेव्हां गुरुजी, आपणच त्यास एक खेळ सोडावयास सांगा," असें त्यांचें म्हणणें. आम्हीं त्या वेळीं गुळमुळीत उत्तर दिलें. खरें उत्तर चुनी गोस्वामी यांच्या चरित्रांत आहे.

१९३८ सालीं जन्मलेले हे बंगाली गृहस्थ मोहनबागानचे नामांकित फुटबॉलपटू. १९६२ सालीं जाकार्ता येथें आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे तेच कर्णधार. पुढें चारच वर्षांनीं, १९६६ च्या डिसेंबरांत, होळकरांच्या इंदूर शहरीं वेस्ट इंडीजच्या बलाढ्य संघास पूर्व व मध्य विभागांच्या संयुक्त संघानें डावानें हरविलें. त्या सामन्यांत आठ बळी घेणारा गोलंदाज कोण, तर हाच फुटबॉलपटू! १९६८-६९ च्या रणजी अंतिम सामन्यांत मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर त्यांनीं ९६ व ८४ धावा काढल्या. करंडक मुंबईकडे राहिला, याचा आम्हांस आनंदच आहे. तथापि शतकास चार धावा उण्या पडलेल्या त्या पाहुण्याबद्दल कोणासही हळहळ वाटावी. १९७१-७२ सालीं ते बंगालचे कर्णधार म्हणून पुनः अंतिम सामन्यास आले, व पुनः मुंबईकडून हरले.

त्यांस कसोटी सामना खेळावयास कधींच मिळाला नाहीं, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. आजकाल वरच्या पायरीवर बाराही महिने एकाच खेळास वाहून घ्यावें लागतें, हेंही खरें. परंतु चौदा वर्षांच्या मुलानें त्या पायरीची चिंता आजच कां वाहावी? कलकत्त्यास फुटबॉल मुख्यतः पावसाळ्यांत व क्रिकेट हिवाळ्यांत, अशी ऋतूंनींच वांटणी करून दिली होती. आमच्या जुन्नर-आंबेगांवच्या मावळपट्टींतही निराळें काय आहे? आषाढांतल्या चिखलांत क्रिकेटचा चेंडू उसळत नाहीं, फुटबॉल मात्र खुशाल खेळतां येतो. आणि पावसाळाभर धांवून कमावलेला दम हिवाळ्यांत गोलंदाजास उपयोगीं पडतो. गोस्वामी २०२० सालीं वारले, तोंवर लोक त्यांस दोन्ही खेळांकरितां ओळखीत.

भातकापणी उरकली कीं आमच्या मैदानावर खेळपट्टी आंखली जाते. त्या दिवशीं मुलास बूट व बॅट दोन्ही देऊन पाठवावें, असें त्याच्या वडिलांस आम्हीं आतां पत्रानें कळविलें आहे.