जुना संगणक भंगारात घालण्याआधी

ग्रामपंचायतीत, सोसायटीत किंवा घरी आठ-दहा वर्षांचा संगणक असेल, तर त्यात बहुधा विंडोज १० असते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याची नियमित सुरक्षा-दुरुस्ती बंद केली. घरगुती ग्राहकांपैकी जे नोंदणी करतील त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत दिली. संगणक यामुळे बंद पडत नाही. पण कुंपणाला नवे भगदाड पडले की ते बुजवायला कोणी येत नाही. ज्या यंत्रावर गावचे दाखले आणि बँकेचे व्यवहार होतात, तिथे हे परवडणारे नाही.

मग विंडोज ११ टाकावे? त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. जुन्या यंत्रात ते नसते. दुकानदार म्हणतो, नवा घ्या.

शेतकरी बंधूंनो, वाण चालेनासे झाले म्हणून आपण रान विकत नाही, वाण बदलतो. इथे ते वाण आहे लिनक्स. संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. सरळ वाणाचे बी घरी धरता येते, शेजाऱ्यालाही देता येते. लिनक्स या दुसऱ्या जातीचे. मोफत मिळते आणि कितीही संगणकांवर टाकता येते. लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती २ जीबी रॅमवरही चालते, ४ जीबी असेल तर बरे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेही 'बॉस' नावाचे लिनक्स काढले आहे. केरळच्या सरकारी शाळांतली मुले कित्येक वर्षांपासून लिनक्सवरच शिकतात.

सातबारा काढणे, महाडीबीटीचा अर्ज, मोसंबीचे भाव बघणे ही कामे ब्राउझरमधून होतात, ती इथेही होतील. पत्रे आणि तक्त्यांसाठी लिब्रेऑफिस आहे. मात्र तीन ठिकाणी अडते, ती आधी तपासा.

पहिले, ई-ग्रामस्वराजवर पैसे देताना सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी जी डिजिटल सहीची किल्ली लावतात ती. तिचे सॉफ्टवेअर लिनक्ससाठी आहे का, ते पुरवठादाराला विचारा. सेवा केंद्रातल्या अंगठ्याच्या मशीनचेही तसेच.

दुसरे, प्रिंटर. एचपीचे बरेच प्रिंटर चालतात. कॅननचा एलबीपी २९०० बऱ्याच ऑफिसांत दिसतो, तो मात्र त्रास देतो.

तिसरे, जुन्या फाइली. श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटमध्ये टाइप केलेले ठराव तो फाँट नसला की अगम्य दिसतात. ते आधी युनिकोडमध्ये करून घ्या. हे काम तसेही कधीतरी करावेच लागणार आहे.

घाईने विंडोज पुसू नका. लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून बघता येते, हार्डडिस्कला हात लागत नाही. आठवडाभर रोजची कामे करून बघा. पटले तर सगळ्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि मगच बसवा, कारण बसवताना चूक झाली तर सगळे पुसले जाते. सही आणि अंगठ्याच्या कामापुरता एक संगणक सुरक्षा-दुरुस्ती मिळणाऱ्या विंडोजचा ठेवा, बाकीचे लिनक्सवर न्या. असे केले तर चार संगणकांच्या जागी एकाचाच खर्च पंचायतीवर पडेल.