लायसन्सची परीक्षा घरी आली, पण देतंय कोण?

मांडवगण फराटा : कोरोनात आरटीओतली गर्दी टाळण्यासाठी राज्य सरकारने जून २०२१ मध्ये लर्निंग लायसन्सची परीक्षा घरबसल्या ऑनलाइन सुरू केली. आधार असलं की फॉर्म, फी, परीक्षा सगळं मोबाईलवरच. खेड्यातल्या माणसाचा हेलपाटा अन् दिवसाचा रोजगार वाचला, हे खरंच.

पण १५ पैकी ९ उत्तरं बरोबर आली की पास. ती कोण देतंय, हे बघायला समोर साहेब नाही. पोराच्या जागी एजंट बसला तर लायसन्स मिळतं, रस्त्यावरच्या खुणा मात्र कळत नाहीत. उसाच्या हंगामात रात्री पुढं रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली आली, तर तिथं एजंट कामाला येणार नाही. पोरांनो, मोबाईल तुमचाच आहे, परीक्षाही तुम्हीच द्या.