सोसो बाला : एका घराण्याकडील ठेव

इंग्रजी मुळाक्षरांच्या पुस्तकात ‘एक्स’ या अक्षरापुढे बहुधा झायलोफोनचे चित्र असते. नातवंडांच्या खेळण्यांत तो रंगीत धातुपट्ट्यांचा असतो. वस्तुतः ग्रीक भाषेत ‘झायलॉन’ म्हणजे लाकूड. तेव्हा धातूच्या पट्ट्यांना हे नाव शोभत नाही. आपल्याकडे या जातीच्या वाद्यास काष्ठतरंग म्हणतात. परंतु पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचा योगक्षेम या वाद्यावर चालला, असे वादक पाहावयाचे तर पश्चिम आफ्रिकेतील मांडिंग समाजाकडे वळावे लागेल.

तेथे वाद्याचे नाव ‘बाला’ आणि वादक ‘बालाफोला’, म्हणजे बालाला बोलते करणारा. लाकूड मंद आचेवर वाळवून पट्ट्या तासतात. टोकाकडे तासले की स्वर चढतो, खालून मध्यभागी तासले की उतरतो. पट्ट्यांखाली सुके भोपळे बांधलेले असतात. भोपळ्याच्या छिद्रावर पूर्वी कोळ्याच्या कोषाचा पापुद्रा लावीत. त्यामुळे स्वराला गुणगुण येते. आता अनेक जण सिगारेटचा कागद वा प्लॅस्टिक लावतात, हे वाचून आपल्या वाचकांना बरेच वाटेल.

हे वादक बहुधा ‘जेली’ घराण्यांतील असतात. वंशावळी मुखोद्गत ठेवणे, समारंभात गाणे, तंट्यात मध्यस्थी करणे ही त्यांची कामे. आपल्याकडील वहीवंच्यांची आठवण व्हावी. भेद इतकाच की यांची वही कंठात असते.

या सर्व वाद्यांत मानाचे वाद्य ‘सोसो बाला’. गिनी देशाच्या उत्तरेकडील नियागासोला गावी ते जपलेले आहे. लांबी सुमारे दीड मीटर, पट्ट्या 20. परंपरा सांगते की, ते 13व्या शतकातील सोसोचा राजा सुमाओरो कांते याचे. त्याच्या अनुपस्थितीत बाला फासेके कुयाते या जेलीने ते वाजविले. राजा संतापला, पण वादन ऐकून त्याने जेलीला आपल्याजवळच ठेवून घेतले. पुढे सुंदियाता केताने सुमाओरोचा पराभव करून माली साम्राज्य उभारले आणि वाद्य कुयाते घराण्याकडे आले. कथेत इतिहास किती, हा वाद अभ्यासकांचा.

मला विशेष वाटते ते पुढचेच. बँकेत असताना दुसऱ्याची ठेव सांभाळणे म्हणजे काय, हे रोजच पाहिले. परंतु तेथे ठेवीला मुदत असते आणि पावतीही. येथे दोन्ही नाहीत. घराण्यातील एकच पुरुष ‘बालातिगुई’, म्हणजे वाद्याचा रक्षक, होतो. इस्लामी नववर्ष, अंत्यविधी अशा ठरावीक प्रसंगीच तो हे वाद्य वाजवितो. मुलांना सातव्या वर्षापासून बालावादन शिकविण्याचे दायित्वही त्याचेच. वाद्य जपणे एक वेळ सोपे. शिकणारा मिळणे कठीण. युनेस्कोने 2001 साली या परंपरेचा गौरव केला खरा, परंतु तरुण गाव सोडून जात आहेत आणि विद्यार्थी घटत आहेत. गौरवपत्राने गावातील शाळकरी मुलगा थांबत नाही.

कुयाते आडनावाचे वादक मात्र दूरवर पोहोचले. गिनीचे एल हाज जेली सोरी कुयाते यांचे वादन ध्वनिमुद्रित आहे. सायंकाळी दुकान वाढविल्यावर ते अवश्य ऐकावे. डाव्या हाताची आवर्तने अखंड चालू असतात आणि उजवा हात त्यांवरून स्वच्छंद धावतो. वादक एकच आहे, यावर प्रथम विश्वास बसत नाही.